तलाव बंद, तोंडही बंद

माझ्या थोरल्या जाऊबाई पोहायला शिकवतात. मी त्यांना वहिनी म्हणते. तलावावरची मुलं तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे भोंगा. हे त्यांना ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही. बाकीचे शिक्षक गळ्यात शिट्टी अडकवून काठावरून फिरतात. वहिनींच्या मते ज्याच्या गळ्यात काही नाही, त्यानेच गळ्यात शिट्टी अडकवावी.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्या वर आणि आम्ही खाली. मधला जिना आणि दोन बंद दारं यांनी त्यांच्या आवाजाला काही फरक पडत नाही. सकाळी वरून "अगं, दूध उतू चाललंय!" अशी हाक आली की मी धावत जाऊन आमचा गॅस बंद करते. मग कळतं की त्या समोरच्या इमारतीतल्या बाईंना सांगत होत्या.

भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. "आता वरची ओळ वाचा, आता खालची," एवढंच दिवसभर हलक्या आवाजात बोलतात, आणि घरी आल्यावर तेवढंही बोलत नाहीत. वर राहणारे तिसरे आमचे सासरे, बाबा. त्यांची सगळी नोकरी मालाच्या गोदीत गेली. वर उंच काचेच्या खोलीत क्रेनचा ड्रायव्हर, आणि खाली जमिनीवर उभे राहून त्याला हातवारे करणारे बाबा. त्या खणखणाटात त्यांचे कान गेले. अर्थात हे आमचं मत. बाबांचं मत असं की कान उत्तम आहेत, हल्लीची माणसं पुटपुटतात. पुरावा म्हणून ते वहिनींकडे बोट दाखवत. "थोरलीचं कसं स्वच्छ ऐकू येतं मला? ती नीट बोलते. तुम्हाला शिकवलंच नाही कुणी." भाऊजींनी हौसेनं आणलेलं कानाचं यंत्र कपाटात डबीतच पडून होतं.

थंडी पडली की तलाव बंद होतो. पाणी काढतात, फुटलेल्या फरशा बदलतात, भिंतींना रंग देतात. त्या दिवशी वहिनी दरवर्षी जाहीर करतात, "आता मी विश्रांती घेणार, आणि पुढच्या वर्षाचं नीट बसून ठरवणार." हे ऐकलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. कारण वहिनींची विश्रांती दुसऱ्या दिवशी पहाटे माळ्यावरून सुरू होते. ट्रंका खाली येतात. गाद्या उन्हात जातात. भाऊजी स्टुलावर चढतात आणि मी खालून स्टूल धरते. वहिनी मधोमध उभ्या राहून आम्हाला दोघांनाही पोहायला शिकवल्यासारखं शिकवतात. "हात लांब! अजून लांब! मान वर!" पुढच्या वर्षाचं ठरवणं मात्र राहूनच जातं. तलाव उघडायच्या आदल्या संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन येतो, वहिनी एका हातानं भाजी ढवळत सगळ्याला "चालेल, चालेल" म्हणतात, की झालं वर्षाचं नियोजन.

मागच्या हंगामाच्या शेवटी मात्र वेगळंच घडलं. तलावावरच्या शेवटच्या दिवशी, भरगच्च तुकडीपुढे वहिनींनी "पाय मारा!" म्हणायला तोंड उघडलं आणि गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज आला. दुसऱ्यांदा फाटकही उघडलं नाही. पाण्यातली मुलं घाबरून काठाला चिकटली.

मी अर्धा दिवस औषधांच्या दुकानात बसते. घशाच्या गोळ्यांची पाकिटं वहिनींना मीच आणून देत होते, म्हणून डॉक्टरांकडे न्यायची जबाबदारीही माझ्यावर आली. घशाची डॉक्टर तरुण होती. वहिनींना बघताच उभी राहिली. लहानपणी ती त्यांच्याकडेच पोहायला शिकली होती.

"आ करा, मॅडम. मोठा. अजून मोठा," डॉक्टर म्हणाली. "श्वास घ्या. सोडा. सोडा म्हणतेय ना! घाबरायचं नाही, मी आहे इथे."

ही सगळी वाक्यं कुणाची आहेत ते मला कळलं, आणि वहिनींनाही कळलं असावं. तोंडात नळी असल्यामुळे त्यांना काही म्हणता आलं नाही.

"स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्यात," डॉक्टर हात पुसत म्हणाली. "ओरडून ओरडून. घाबरण्यासारखं नाही, पण तलाव उघडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

वहिनी कुजबुजल्या, "म्हणजे हळू बोललं तर चालेल?"

"कुजबुजणं तर मुळीच नाही. त्यानं उलट ताण येतो. तोंड बंद, मॅडम. नाकानं श्वास."

घरी येऊन मी भाऊजींना सगळं सांगितलं. "अरेरे," भाऊजी म्हणाले, आणि त्यानंतर सलग चार वाक्यं बोलले. हे मी लग्न होऊन आल्यापासून प्रथमच ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते काहीतरी गुणगुणत होते, असं आमचे हे शपथेवर सांगतात.

वहिनींनी पाटी आणली. पण त्यांचं अक्षरही आवाजासारखंच. "मीठ द्या!" एवढ्यानंच पाटी भरून जायची, पुसून मग "कमी आहे!" लिहायचं. तेवढ्यात जेवण संपलेलं असायचं. वैतागून त्या टाळ्या वाजवू लागल्या, मग डावानं ताट बडवू लागल्या. माळा अर्थातच राहिला. स्टुलावर चढलेल्या भाऊजींना पाटीवरून सूचना देता येत नाहीत, कारण त्यांची पाठ असते. पहिल्या दिवशीच ते पाठमोरे उभे आणि खाली वहिनी पाटी हलवतायत, असं बराच वेळ चाललं. शेवटी वहिनींनी पाटी ठेवली आणि चक्क जाऊन झोपल्या. दुपारी! मी पायातली चप्पल काढून दारातून बघून आले. थोरल्या जाऊबाईंना दिवसा झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आमची सगळ्यांची मजा होती, पण बाबांचे वांधे झाले. घरातला जो एकमेव आवाज त्यांना ऐकू यायचा, तोच बंद पडला.

"डॉक्टरांनी तिला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय!" आम्ही ओरडून सांगितलं.

"डॉक्टरांनी बोलावलंय? कधी?" म्हणत बाबा कपडे बदलून, बूट घालून तयार होऊन आले.

मग पाटीवर लिहून दाखवलं. बाबांनी ते वाचलं आणि पाटी परत दिली. "डॉक्टरनं सांगितलं आणि ही गप्प बसली? ही?" त्यांचा काही केल्या विश्वास बसेना. त्यांनी स्वतःपुरता निष्कर्ष काढला की सून रुसली आहे. कारणही त्यांना सापडलं. गॅलरीत नेहमी वहिनींचे पोहण्याचे टॉवेल वाळत असतात, इतके की खुर्ची टाकायला जागा उरत नाही. त्यावरून दोनच दिवसांपूर्वी ते बोलले होते, "हे घर आहे का लाँड्री?"

आधी बाबांनीही तोंड फिरवून बसून पाहिलं. पण रुसलेल्या माणसानं बोलायला यावं लागतं, आणि इथे समोरून कुणी येईना. दोन्ही वेळेला जेवणाच्या टेबलावर एक मुकं आणि एक फुरंगटलेलं माणूस समोरासमोर बसू लागलं. भाऊजींचं गुणगुणणं थांबलं.

मग एका सकाळी मी वर गेले तर वहिनी हॉलच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मला हातानं थांबवलं. आत बाबा जमिनीवर बसले होते. भोवती टॉवेलांचा ढीग. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल घडी केला नाही, तो माणूस टॉवेलांच्या घड्या घालत होता. घड्या कसल्या, गाठोडीच ती. प्रत्येक टॉवेल चारी बाजूंनी आवळून, टोकं आत खुपसून, बोटीत चढवायच्या मालासारखा बांधलेला.

वहिनींना हसू आवरेना. आवाज न करता त्या इतक्या हसल्या की खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. बाबांनी वर पाहिलं आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, रडतेस काय! लाव, कुठेही लाव टॉवेल. माझ्या पलंगावर लाव. खुर्ची काय, मी उभा राहीन."

आणि ते आणखी जोरात घड्या घालू लागले. त्यांना थांबवायला वहिनींनी हात आडवा पसरला, तळवा खाली करून डावीकडून उजवीकडे हलवला. लांबच्या टोकाला पोहणाऱ्या मुलांना त्या कधीमधी अशी खूण करतात. बाबांचे हात जागच्या जागी थांबले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

वहिनींनी खांदे उडवले.

"अगं, ही आमची खूण! थांब म्हणून." बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि तो मुलगा म्हणजे माझाच नवरा. "आता बघ. बोट वर, हात असा गोल फिरवायचा. म्हणजे उचल. बोट खाली, म्हणजे उतरव. खूण करणाऱ्या हातापुढे दुसरा हात स्थिर धरला, म्हणजे तेच, पण सावकाश. आणि हे बघ." त्यांनी दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत गुंतवले. "म्हणजे सगळं आहे तिथेच राहू दे. कुणी काही हलवू नका."

त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर गोदी सुरू झाली. वाढताना वहिनी बोट वर करून विचारत, बाबा बोट खाली करून ताट पुढे करत. गॅलरीच्या एका टोकाला बाबा आणि दुसऱ्या टोकाला वहिनी असे उभे राहून हातवारे करू लागले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वर सगळं ठीक आहे ना?" भाऊजींनाही दोघं मिळून शिकवत होते, पण त्यांचा त्यात हात बसेना. एकदा त्यांनी खुणेनं पाणी मागितलं आणि घरातले सगळे जागच्या जागी थांबले.

मध्यंतरी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. गाठी लहान होत होत्या. डॉक्टर खुशीत होती, आणि खुशीत माणसाचा जिभेवरचा ताबा सुटतो.

"एक सांगू का, मॅडम? पाण्यात असताना मला तुमचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. कानात पाणी, वर टोपी. नुसता हूं-हूं असा आवाज यायचा."

वहिनींनी पाटीवर लिहिलं, "मग?" पाटी भरली.

"मग काय, तुमच्याकडे बघायचे. तुम्ही ओरडताना काठावर स्वतःच हात मारायच्या ना, तसे मारायचे."

येताना वहिनी रस्ताभर गप्प होत्या. तशा त्या गप्पच होत्या म्हणा, पण हातही हलला नाही. घरी आल्यावर त्यांनी पाटी घेतली आणि प्रथमच बारीक अक्षरात लिहिलं, "मग इतकी वर्षं मी कुणासाठी ओरडत होते?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तलावाभोवती जाळी आहे, आणि जाळीपलीकडे पालक उभे असतात. पण थोरल्या जाऊबाईंना असलं काही सांगायचं नसतं, निदान माझी तरी तशी हिंमत नाही. बाबांनी पाटी ओढून घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि हसले.

"अगं, मी खालून त्या ड्रायव्हरला काय काय शिव्या घालायचो! मनसोक्त. त्याला वर काचेत एक अक्षर ऐकू जायचं नाही. तो आपला माझ्या हाताकडे बघून काम करायचा."

वहिनींनी भुवया उंचावल्या. म्हणजे, मग शिव्या कशाला?

"मला बरं वाटायचं," बाबा म्हणाले.

त्या रात्री वहिनी जेवल्या कमी आणि विचारात जास्त होत्या. दुसऱ्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या खरोखर पुढच्या वर्षाचं ठरवायला बसल्या. हॉलमध्ये जमिनीवर निळा टॉवेल पसरला, तो तलाव. कपडे वाळत घालायचे चिमटे, ती मुलं. नेहमीएवढी मुलं टॉवेलवर मांडली तेव्हा टॉवेलचं निळं दिसेनासं झालं. बाबांनी दोन्ही हात पोटापाशी गुंतवले. वहिनींनी निम्मे चिमटे उचलून बाजूला ठेवले. आता मधे पाणी दिसायला लागलं.

भाऊजी कामावर निघाले होते. ते वाकून टॉवेलकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "तू कुठे उभी राहतेस?"

वहिनींनी एका बाजूला वाटी ठेवली.

"आणि ऊन कुठून येतं?"

वहिनींनी वाटीच्या मागून हात दाखवला.

"मग मुलांना तुझे हात दिसणारच नाहीत," भाऊजी त्यांच्या त्या हलक्या आवाजात म्हणाले. "उजेड मागून आला की माणसाची नुसती काळी आकृती दिसते. दुसऱ्या काठावर जा." आणि डबा घेऊन गेले. वहिनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. हा माणूस कामाचं बोलू शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं, कारण मधे बोलायला त्या नव्हत्या.

हे सगळं ठरलं खरं, पण अजून व्यवस्थापक होते. गोड बोलणारा माणूस. वहिनींच्या आवाजाची स्तुती करून करून त्यांनीच दरवर्षी तुकडीत मुलं वाढवली होती. त्यांनी निरोप पाठवला, तलावावर या, यंदाचं बोलून घेऊ. वहिनींबरोबर मी बोलायला निघाले. बाबाही निघाले, कारण त्यांना फिरायला जायचं होतं.

रिकामा तलाव बघायला विचित्र वाटतो. शिडी मध्येच हवेत संपते. व्यवस्थापक खाली उतरून खोल भागात उभे होते, शेजारी कारागीर यंत्रानं फरशी कापत होता, आणि त्या आवाजात चारी भिंतींमुळे भर पडत होती. आम्ही तिघं खाली उतरलो.

"या, या!" व्यवस्थापक ओरडले. "मॅडम, तुमचा आवाज म्हणजे या तलावाची शान! यंदा सकाळच्या दोन तुकड्या एक करू! एक वेळ मोकळी होईल, ती एका क्लबला देऊ!"

मी बोलायला तोंड उघडलं, पण यंत्रापुढे माझं मलाच ऐकू येईना. वहिनींनी हात आडवा पसरला, तळवा खाली. थांबा.

"बरोबर, एवढी लांबलचक रांग होईल! पण तुम्ही संभाळाल!"

वहिनींनी दोन्ही हात पोटापाशी गुंतवले.

"म्हणजे तुमची हरकत नाही!" व्यवस्थापकांचा आवाज चिरकला, पण चेहरा फुलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहिनी मधे न बोलता त्यांचं एवढं ऐकून घेत होत्या. "फारच छान! मग मी लगेच—"

"अहो, थांब म्हणतेय ती!"

यंत्र बंद पडल्यासारखं वाटलं. खरं तर कारागिरानंच दचकून बटण दाबलं होतं. गोदीत ज्या आवाजानं माणसं बाजूला होत असत, तो बाबांचा आवाज. मला वाटायचं आवाजाची देणगी घरात सुनेबरोबर आली. ती आधीपासूनच होती.

"कळत नाही का खुणा?" बाबा पुढे झाले. "सगळं आहे तिथेच ठेवा, काही हलवू नका, असं सांगतेय. आता बघा, बोट खाली. उतरवा म्हणतेय. काय उतरवा गं?"

वहिनींनी खाली वाकून बोटानं धुळीत मुलांचे ठिपके काढले आणि निम्मे पुसले.

"मुलं उतरवा. निम्म्यावर. आणि?"

वहिनींनी एक हात दुसऱ्या हातापुढे स्थिर धरला.

"सावकाश. दोन तुकड्यांच्या मधे वेळ सोडा, तिला श्वास घ्यायला. आणि आता ती त्या काठावर उभी राहणार म्हणतेय."

ते शेवटचं वहिनींनी सांगितलंच नव्हतं. पण सांगणार होत्या, म्हणून त्यांनी मान डोलावली. व्यवस्थापकांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. यंत्राशी स्पर्धा करून त्यांचा घसा बसला होता, नुसता वारा बाहेर आला. मी पर्समधून घशाच्या गोळीचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

मुलं निम्मी झाली नाहीत. थोडी कमी झाली, आणि त्यासाठी वहिनींना पाटीवर अजून दोनदा भांडावं लागलं. पण मधला वेळ मिळाला, आणि काठही बदलला. तलाव उघडला तेव्हा डॉक्टरनं बोलायची परवानगी दिली. आवाज परत आला, पण जाडसर आणि खालच्या पट्टीत. पहिल्या आठवड्यात जाळीपलीकडे कुरकुर झाली. एक वडील म्हणाले, "मॅडम काही शिकवतच नाहीत, नुसते हात हलवतात." वहिनींनी त्यांना हातानं बोलावून घेतलं आणि हळू आवाजात काय ते समजावलं. ऐकायला त्या गृहस्थांना जाळीला कान लावून उभं राहावं लागलं. एरवी आईबाप वहिनींपासून चार हात लांब राहून ऐकत.

मुलं मात्र शिकली, आणि लवकर शिकली. बाबा कधीकधी काठावर खुर्ची टाकून बसतात. कुणाचा हात चुकला तर तेही खूण करतात. मुलं आधी वहिनींकडे बघतात, मग बाबांकडे, आणि दोघांचं जमलं नाही तर बुडी मारतात.

परवा वहिनी जेवणाचा डबा विसरून गेल्या, म्हणून मी सकाळी तलावावर गेले. तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळेत तलाव रिकामा होता. फक्त उथळ भागात, कमरेएवढ्या पाण्यात, व्यवस्थापक उभे होते. कोरी टोपी, कोरा चष्मा, दोन्ही हातांनी काठाचा बार गच्च धरलेला. इतकी वर्षं ते तलाव चालवत होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं. तलावात पाणी असताना ते कधी शिडीच्या पुढे गेले नव्हते.

"तपासणी चाललीय," ते मला म्हणाले. "पाण्याची."

वहिनी हसल्या नाहीत. काठावर त्यांच्याशेजारी खाली बसल्या, पाय पाण्यात सोडून.

"मॅडम, आता काय करू?"

"आता काही नाही," वहिनी म्हणाल्या. "नुसतं उभं राहायचं. पाण्याची सवय होऊ दे."

व्यवस्थापकांनी एक बोट बारवरून सोडलं. मग दुसरं. मी डबा बाकावर ठेवला आणि आवाज न करता निघून आले.